रंग ‘व्हाइट’, कांती ‘डार्क’: अमेरिकेच्या जुन्या नागरिकत्वाच्या कागदांवरचे शब्द कसे वाचावेत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आजोबांचे चुलते पहिल्या महायुद्धाच्या आधी कॅलिफोर्नियात गेले. जुन्या ट्रंकेत त्यांचे तीन कागद निघाले. पहिला १९१४ चं ‘डिक्लेरेशन ऑफ इन्टेन्शन’, त्यावर रंग ‘व्हाइट’ आणि कांती ‘डार्क’. दुसरा १९२५ चा फेडरल कोर्टाचा हुकूम, त्यात त्यांचं नागरिकत्वाचं प्रमाणपत्र ‘इल्लीगली प्रोक्युअर्ड’ म्हणून रद्द केलेलं. तिसरा त्यांच्या पत्नीचा १९४० चा निष्ठेच्या शपथेचा अर्ज, आणि ही बाई तर जन्माने अमेरिकन. तुम्ही विचारता की ते नागरिक होते की नव्हते, त्यांनी रंग खोटा लिहिला का, आणि ‘काकांनी तिकडे काहीतरी लफडं केलं’ असं घरात बोललं जातंय ते खरं का.

शेवटच्याचं उत्तर आधी देतो. हुकुमात फक्त ‘इल्लीगली प्रोक्युअर्ड’ असेल आणि ‘फ्रॉड’ हा शब्द कुठेच नसेल, तर लफडं नाही. १९०६ च्या नॅचरलायझेशन कायद्याच्या कलम १५ मध्ये प्रमाणपत्र रद्द करायची दोन वेगळी कारणं दिली होती. एक फसवणूक आणि दुसरं ‘बेकायदेशीररीत्या मिळालेलं’. दुसऱ्या कारणात माणसाच्या हेतूचा प्रश्नच येत नाही. कायद्याने ज्याला नागरिकत्व देता येत नव्हतं त्याला कोर्टाने ते दिलं, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडे शेतकरी नसलेल्याने घेतलेल्या शेतजमिनीचा व्यवहार वर्षांनी रद्द होतो, पैसे रोख मोजलेले असतात, खरेदीखत खरं असतं, तरी व्यवहार बेकायदा ठरतो. तसंच हे.

आता कायद्याने त्यांना नागरिकत्व का देता येत नव्हतं, तर त्याचं मूळ २६ मार्च १७९० च्या कायद्यात आहे. त्यात नागरिक होण्याचा हक्क ‘फ्री व्हाइट पर्सन’ असलेल्या परक्यालाच दिला होता. यादवी युद्धानंतर, १८७० मध्ये, आफ्रिकेत जन्मलेले आणि आफ्रिकी वंशाचे लोक त्यात जोडले गेले. बाकीच्यांबद्दल कायदा गप्प राहिला. १८८२ च्या कायद्याने चिनी लोकांना नाव घेऊन बंदी केली, पण हिंदुस्थानी माणसाचं नाव नागरिकत्वाच्या कायद्यात कुठेच नव्हतं. म्हणून प्रत्येक न्यायाधीशापुढे एकच प्रश्न यायचा, की समोर उभा असलेला माणूस ‘व्हाइट’ आहे का. उत्तर कोर्टागणिक बदलायचं. १९०७ मध्ये ॲटर्नी जनरल बोनापार्ट यांनी ब्रिटिश हिंदुस्थानातले लोक ‘व्हाइट’ धरता येत नाहीत असं मत दिलं होतं, तरी १९१० मध्ये भिकाजी बलसारा या मुंबईच्या पारशी कापूस व्यापाऱ्याचं नागरिकत्व न्यूयॉर्कच्या अपील कोर्टाने कायम ठेवलं. १९१३ मध्ये वॉशिंग्टन राज्यात अक्षयकुमार मजुमदार यांना उच्चवर्णीय हिंदू म्हणजे आर्य, आर्य म्हणजे कॉकेशियन (तेव्हाच्या वंशशास्त्रातला एक वर्ग), कॉकेशियन म्हणजे व्हाइट अशा साखळीने नागरिकत्व मिळालं. ही साखळी आज वाचताना अंगावर काटा येतो. तिच्यात जातीचा आधार घेतलेला आहे आणि तो अर्जदारांच्या वकिलांनीच पुढे केला होता. पण कायद्याने दार तेवढंच किलकिलं ठेवलं होतं.

हे लक्षात घेतलं की तुमच्या १९१४ च्या कागदाचा उलगडा होतो. त्या छापील नमुन्यात ‘कलर’ आणि ‘कॉम्प्लेक्शन’ अशा दोन वेगळ्या जागा होत्या, पुढे उंची, वजन, केस, डोळे आणि अंगावरची खूण. ‘कॉम्प्लेक्शन’ म्हणजे दिसणारी कांती, ओळख पटवण्यासाठी. ‘कलर’ हा मात्र कायद्याचा वर्ग. तिथे ‘व्हाइट’ नसतं तर अर्ज पुढे नेण्यात अर्थच नव्हता, म्हणून तो शब्द तिथे आहे. अनेक हिंदुस्थानी अर्जांवर ‘व्हाइट’ आणि ‘डार्क’ ही जोडी शेजारी शेजारी दिसते आणि ती परस्परविरोधी नाही. हे रकाने बहुधा कोर्टाचा कारकून भरायचा, अर्जदार खाली शपथेवर सही करायचा. १९१४ च्या पश्चिम किनाऱ्यावर तो शब्द लिहिणं म्हणजे एक कायदेशीर दावा करणं होतं, आणि काही कोर्टं तो दावा मान्य करत होती. त्याला खोटी माहिती म्हणता येणार नाही.

याच कागदाच्या माथ्यावर ‘ट्रिप्लिकेट’ छापलेलं आहे का पाहा. डिक्लेरेशनच्या तीन प्रती निघत. मूळ कोर्टात राहायची, दुसरी वॉशिंग्टनच्या ब्युरोकडे जायची आणि तिसरी अर्जदाराच्या हातात. घरात सापडतो तो कागद जवळजवळ नेहमी ही तिसरी प्रत असते, आणि त्यावरून अनेक कुटुंबं समजतात की पणजोबा अमेरिकन नागरिक झाले. तसं नाही. डिक्लेरेशन म्हणजे ‘फर्स्ट पेपर्स’, नागरिक व्हायचा इरादा जाहीर करणं. त्यावरच छापलेलं असतं की तारखेपासून सात वर्षांनी हा कागद निरुपयोगी. दोन वर्षं झाल्यानंतर आणि सात वर्षं संपायच्या आत ‘पिटिशन फॉर नॅचरलायझेशन’ दाखल करायचं, तेव्हा देशात सलग पाच वर्षं आणि त्या राज्यात एक वर्ष वास्तव्य लागायचं, शपथेवर सांगणारे दोन नागरिक साक्षीदार लागायचे, आणि अर्ज नव्वद दिवस कोर्टात लावून ठेवल्याशिवाय सुनावणी व्हायची नाही. २९ जून १९०६ नंतर आलेल्याला बंदरावरून आल्याचा दाखलाही जोडावा लागे. इतक्या पायऱ्यांमध्ये कितीतरी अर्ज अडकून पडले.

तुमच्या बाबतीत मात्र १९२५ चा हुकूमच सांगतो की ते या सगळ्या पायऱ्या चढून नागरिक झाले होते. जे मिळालंच नाही ते रद्द कसं करणार? १९१४ च्या डिक्लेरेशनचा हिशेब धरला तर पिटिशन १९१६ ते १९२१ च्या दरम्यानचं असणार.

मधल्या काळात जे घडलं ते असं. १३ नोव्हेंबर १९२२ ला सुप्रीम कोर्टाने ताकाओ ओझावा या जपानी माणसाच्या खटल्यात सांगितलं की ‘व्हाइट’ म्हणजे कॉकेशियन, कातडीची छटा नव्हे. तीनच महिन्यांनी, १९ फेब्रुवारी १९२३ ला, भगतसिंग थिंद यांचा खटला आला. थिंद अमृतसरकडचे शीख, महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. ओझावाचा निकाल वाचून त्यांची बाजू भक्कम वाटावी, पण त्याच न्यायमूर्ती सदरलँड यांनी लिहिलं की शास्त्रज्ञ काय म्हणतात ते बाजूला ठेवा, सामान्य माणूस ज्याला ‘व्हाइट’ समजतो तोच व्हाइट. दोन्ही निकालांमध्ये कसोटी बदलली आणि दोन्ही वेळा अर्जदारच हरला. माझ्या मते जुन्या कायद्यातला कोणताही शब्द शब्दकोशावरून वाचू नये याचं याहून स्पष्ट उदाहरण नाही. तो शब्द कोणत्या कोर्टाने कोणत्या तारखेला कसा लावला हेच पाहावं लागतं.

थिंद निकालानंतर सरकारने आधीच नागरिक झालेल्या हिंदुस्थानी लोकांवर कलम १५ खाली दावे लावायला सुरुवात केली. मजुमदारही त्यात सापडले. सरकारी वकील डिस्ट्रिक्ट कोर्टात दावा दाखल करी, माणसाला साठ दिवसांची नोटीस मिळे, आणि वकिलाची फी परवडत नसेल किंवा पत्ता बदललेला असेल तर एकतर्फी हुकूम होई. तुमचा हुकूम १९२५ चा आहे, म्हणजे अगदी याच लाटेतला.

काका आणखी दोन वर्षं टिकून राहिले असते तर कदाचित चित्र वेगळं दिसलं असतं. थिंद यांचे वकील सखाराम गणेश पंडित स्वतःही १९१४ मध्ये लॉस एंजेलिसला नागरिक झालेले होते आणि त्यांच्यावरही असाच दावा झाला. त्यांनी ‘मी व्हाइट आहे’ हा वाद पुन्हा घातलाच नाही. त्यांचं म्हणणं असं की १९१४ ला कोर्टाने निकाल दिला, सरकारला तेव्हा अपील करता आलं असतं, ते केलं नाही, आता तोच मुद्दा पुन्हा उकरता येणार नाही. १९२६ मध्ये अपील कोर्टाने हे मान्य केलं, १९२७ मध्ये सुप्रीम कोर्टाने हात घालायला नकार दिला, आणि सरकारने उरलेले दावे सोडून दिले. ज्यांचे हुकूम त्याआधीच झाले होते त्यांना मात्र आपोआप काही परत मिळालं नाही.

एक अपवाद सांगून ठेवतो, कारण सगळं परिस्थितीवर अवलंबून आहे. नागरिक झाल्यावर पाच वर्षांच्या आत मायदेशी कायमचं राहायला गेलेल्याचं प्रमाणपत्रही त्याच कलमाने रद्द होई, आणि तिथे हेतूच खरा नव्हता असं कायदा गृहीत धरी. काका १९२५ च्या आधी हिंदुस्थानात परतले असतील तर हुकुमामागचं कारण हेही असू शकतं. हे हुकुमावरून नेहमी कळत नाही. सरकारने दाखल केलेल्या मूळ दाव्यावरून कळतं.

आता काकू. त्यांचा कागद तुम्हाला सगळ्यात विचित्र वाटला, पण तीनही कागदांमध्ये तोच सर्वांत बोलका आहे. २ मार्च १९०७ च्या कायद्याने परदेशी माणसाशी लग्न करणारी अमेरिकन बाई नवऱ्याच्या राष्ट्रीयत्वाची होई. लग्न १९१७ चं असेल आणि काका तेव्हा ब्रिटिश प्रजा असतील, तर काकू मांडवातून बाहेर पडताना परक्या झाल्या. काका नागरिक झाले तेव्हा त्यांच्यामागोमाग काकूही पुन्हा नागरिक झाल्या. १९२५ च्या हुकुमाने ते प्रमाणपत्र मुळापासूनच गेलं आणि त्याच्यावर उभं असलेलं काकूंचं नागरिकत्वही गेलं.

मधल्या काळात, २२ सप्टेंबर १९२२ ला, केबल ॲक्ट आला होता. अमेरिकन बाईचं नागरिकत्व आता लग्नामुळे जाणार नाही असं त्यात म्हटलं, पण नवरा ‘एलियन इनएलिजिबल टू सिटिझनशिप’ असेल तर जाईल. शिवाय असा नवरा असेपर्यंत तिला नव्याने नागरिकत्वही घेता येणार नाही. ही अट ३ मार्च १९३१ ला गेली. १९३६ आणि १९४० च्या कायद्यांनी जुन्या काळात केवळ लग्नामुळे नागरिकत्व गमावलेल्या बायकांना निष्ठेची शपथ घेऊन ते परत मिळवण्याची सोय केली. १९३६ ची सोय वैधव्य किंवा घटस्फोट झालेल्यांपुरती होती. १९४० ला ती देशातच सलग राहिलेल्या सधवांनाही लागू झाली. तुमच्याकडचा अर्ज यांपैकी एका सोयीखालचा असणार. त्यात कोणत्या कायद्याची तारीख छापली आहे ते पाहा. १९३६ ची असेल तर काका तोवर हयात नव्हते किंवा लग्न मोडलं होतं, हा एक धागा तुम्हाला फुकटात मिळेल.

‘इनएलिजिबल टू सिटिझनशिप’ हा शब्दप्रयोग जमिनीच्या कागदांतही शोधा. कॅलिफोर्नियाच्या १९१३ च्या कायद्यात कोणत्याही वंशाचं नाव नाही. नागरिक होण्यास पात्र असलेल्या परक्यालाच जमीन घेता येईल, एवढंच म्हटलं होतं. बाकीच्यांना शेतजमीन जास्तीत जास्त तीन वर्षांच्या खंडाने मिळे आणि १९२० मध्ये तेही बंद झालं. काकांची शेती असेल तर काउंटीच्या नोंदणी कार्यालयात १९२३ ते १९२६ चे दस्त बघा. त्या काळात जमिनी अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या, ओळखीच्या गोऱ्या शेजाऱ्यांच्या किंवा वकिलांच्या नावावर गेलेल्या दिसतात. मुलांच्या नावावर का, तर चौदाव्या घटनादुरुस्तीने अमेरिकेत जन्मलेलं मूल नागरिकच, आई-बाप पात्र असोत वा नसोत. वाँग किम आर्क खटल्यात १८९८ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे पक्कं केलं होतं.

१९२५ नंतर काका नेमके कोण होते? डिक्लेरेशनमध्ये ‘पंचम जॉर्ज, ग्रेट ब्रिटन आणि आयर्लंडचा राजा’ याची निष्ठा कायमची सोडतो अशी ओळ असेल. ब्रिटिशांच्या १९१४ च्या कायद्याप्रमाणे स्वखुशीने दुसऱ्या देशाचा नागरिक झालेला माणूस ब्रिटिश प्रजा राहत नसे. अमेरिकेने कागद काढून घेतला की असा माणूस कुठलाच उरत नसे, पासपोर्ट कोणाचा काढायचा हा प्रश्न पडे. सॅन फ्रान्सिस्कोचे व्यापारी वैष्णोदास बगाई याच कोंडीत सापडले आणि १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली.

त्या ओळीबद्दल आणखी एक. तुमचे काका कोल्हापूर, बडोदा, सांगली अशा संस्थानातले असतील तर ब्रिटिश कायद्याच्या काटेकोर भाषेत ते ‘ब्रिटिश सब्जेक्ट’ नव्हेत, ‘ब्रिटिश प्रोटेक्टेड पर्सन’. अमेरिकन कारकुनाला हा फरक ठाऊक नसे, तो सरसकट राजाचंच नाव टाकी. त्या ओळीवरून मूळ गाव ब्रिटिश मुलखात होतं असा निष्कर्ष काढू नका. गोव्याच्या माणसाच्या कागदावर मात्र १९१० पर्यंत पोर्तुगालचा राजा आणि नंतर पोर्तुगालचं प्रजासत्ताक येईल.

नोंदी वाचताना घसरायच्या जागा ठरलेल्या आहेत. त्या काळच्या अमेरिकन कागदावर ‘हिंदू’ म्हणजे धर्म नव्हे, हिंदुस्थानातला कोणीही, शीख आणि मुसलमानसुद्धा. १९३० च्या जनगणनेत वंशाच्या रकान्यात ‘हिन’ लिहिलेलं असेल तर आपला माणूस, नुसतं ‘इन’ असेल तर तिथला आदिवासी. तसाच १९२४ चा ‘इंडियन सिटिझनशिप ॲक्ट’. तो अमेरिकेतल्या आदिवासींसाठी होता, आपल्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही, तरी दर थोड्या दिवसांनी कोणीतरी आनंदाने तो सापडल्याचं कळवतं. १९१८ च्या सैन्यभरतीच्या कार्डावर ‘इंडियन’ हा रकानाही आदिवासींचा. आपल्या लोकांची खूण तिथे ‘ओरिएंटल’, ‘व्हाइट’ किंवा चुकून ‘इंडियन’ यांपैकी कुठेही सापडते. त्याच कार्डावर ‘डिक्लेरंट’ म्हणजे फर्स्ट पेपर्स भरलेला. जनगणनेत त्यासाठी ‘पीए’, नागरिक झालेल्यासाठी ‘एनए’, परक्यासाठी ‘एएल’. पण जनगणनेतली माहिती कोणी दिली, घरमालकिणीने की शेजाऱ्याने, हे बहुधा कळत नाही, म्हणून ती पुरावा न धरता दिशा म्हणून वापरा.

नावाचा घोळ वेगळाच. मधलं नाव वडिलांचं असतं हे तिकडे कोणाला ठाऊक नव्हतं, त्यामुळे ‘गणेश’ आडनाव म्हणून नोंदलेलं सापडू शकतं. काही ठिकाणची सूची साउंडेक्सने लावलेली आहे, म्हणजे पहिलं अक्षर आणि उच्चारावरून तीन अंक. कुलकर्णी हे नाव के अक्षराने लिहिलं तर के ४२६, पण कारकुनाने सी लावून लिहिलं तर सी ४२६, आणि ती दुसरी पेटी. जोशी आणि जोग दोघेही जे २०० मध्येच सापडतील. सगळी संभाव्य स्पेलिंगं आधी कागदावर काढून मगच शोधायला बसा.

आजच्या हक्काबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचा प्रश्न तोच असतो. आजोबांच्या चुलत्यांमार्फत तुम्हाला काहीही मिळत नाही. त्यांच्या स्वतःच्या वंशजांचं काय, हे प्रत्येकाचा जन्म कुठे, कधी आणि आई किंवा वडील त्या तारखेला नागरिक होते का, यावर ठरतं. तिथे वकील गाठावा. काका स्वतः पुन्हा नागरिक झाले असण्याची शक्यता मात्र आहे. महायुद्धात सैन्यात असतील तर १९३५ च्या माजी सैनिकांसाठीच्या कायद्याखाली. थिंदही १९३६ मध्ये त्याच वाटेने नागरिक झाले. सैन्यात नसतील तर २ जुलै १९४६ नंतर, कारण त्या दिवशीच्या कायद्याने हिंदुस्थानी वंशाच्या लोकांना हक्क मिळाला आणि येणाऱ्यांसाठी वर्षाला १०० चा कोटा ठरला. वंशाची अट सर्वांसाठी १९५२ मध्ये गेली.

शोध या क्रमाने घ्या. हुकुमावर कोर्टाचं नाव आणि खटल्याचा क्रमांक असेल. फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्टाचे तेव्हाचे कागद नॅशनल आर्काइव्ह्जच्या विभागीय शाखेत असतात, कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागाचे सॅन ब्रुनोला, दक्षिणेचे रिव्हरसाइडला. नागरिकत्व राज्याच्या सुपीरियर कोर्टात मिळालं असेल तर पिटिशन काउंटीकडे किंवा राज्याच्या अभिलेखागारात सापडेल. २७ सप्टेंबर १९०६ नंतरच्या प्रत्येक प्रमाणपत्राची केंद्राकडे ‘सी-फाइल’ उघडली जाई. ती इमिग्रेशन खात्याच्या वंशावळ विभागाकडून मागवता येते. आधी सूचीशोधाचा अर्ज, क्रमांक हाती आल्यावर फाइलचा वेगळा अर्ज, फी दोन्हींची वेगळी आणि वेळ महिन्यांत मोजायचा. १९४० मध्ये चौदा वर्षांवरच्या प्रत्येक परक्याला नोंदणी सक्तीची झाली. काकांचा ‘एआर-२’ नमुना त्याच विभागाकडे मागा. तो निघाला तर १९४० ला ते नागरिक नव्हते हे नक्की झालं, आणि त्यात अमेरिकेत आल्याची तारीख, जहाज, धंदा हेही असतं.

पिटिशनची प्रत मागताना मागची बाजूही मागा, कारण मंजुरीचा किंवा नामंजुरीचा शेरा तिथे असतो आणि स्कॅन करणारे बरेचदा ती सोडून देतात. रद्द करण्याच्या खटल्यातून ‘बिल ऑफ कंप्लेंट’, म्हणजे सरकारचा मूळ दावा, स्पष्ट नाव घेऊन मागा. फसवणुकीचा आरोप होता की नुसता ‘व्हाइट नाही’ एवढाच, हे त्यातच लिहिलेलं असेल. नुसती ‘फाइलची प्रत’ म्हणालात तर हुकूम तेवढा पाठवतील, आणि तो तुमच्याकडे आहेच.